मेंदूबाईंची तोंडी परीक्षा

सविता आहेर हे नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी अख्खी शाळा, हेडसरांपासून शिपाईण भागुबाईपर्यंत, त्यांना पाठीमागे मेंदूबाई म्हणायची. पाठीमागे म्हणजे तरी किती, फार तर चार पावलं. बाईंना ते चांगलं ऐकू जायचं. सुरुवातीला वाईट वाटलं, मग सवय झाली, आणि पुढे पुढे कधी कोणी नुसतं "आहेरबाई" म्हणून हाक मारली, तर आपलं काही चुकलं की काय, असं त्यांना वाटायला लागलं.

नाव पडायला कारण होतं. बाई राहायच्या देवळाली कॅम्पात. तिथं फौजी कुटुंबांच्या बदल्या सारख्या चालूच, आणि बदली निघाली की ट्रंकेत न मावणारं सगळं बाजारातल्या रद्दीवाल्याकडे जातं. १९९७ साली त्या रद्दीवाल्याकडे बाईंना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. पुठ्ठा गेलेला, पहिली अठरा पानं गेलेली. लिहिणाऱ्याचं नाव काय, हे त्यांना कधीच कळलं नाही. माणसाचा मेंदू शिकतो कसा, विसरतो कसा, घाबरल्यावर त्याचं काय होतं, असं सगळं त्यात होतं. बाईंचं इंग्रजी बेताचं. शब्दकोश मांडीवर घेऊन दोन वर्षं त्या पुस्तकाशी त्यांनी झटापट केली. एकेका पानाला एकेक रविवार गेला. रविवार त्यांच्याकडे भरपूर होते.

घरी दुसरं होतं कोण? बेकरीमागच्या दोन खोल्या, एका माणसाचा कुकर आणि एक रेडिओ. लग्न एकदा ठरलं होतं, मोडलं, पुन्हा कोणी ठरवायला गेलं नाही. आईवडील गेलेले. भाऊ यादव देवळ्याला, कांद्यात आणि संसारात बुडालेला. दिवाळीला आणि आखाजीला भेट. शेजारी म्हणाल तर दर दोन-तीन वर्षांनी नवे. पहिल्या वर्षी ओळख व्हायची, दुसऱ्या वर्षी डब्यांची देवाणघेवाण, तिसऱ्या वर्षी दारात ट्रक. शेजारीण डबा परत द्यायला आली आणि डबा रिकामा असला की बाई समजायच्या, बदली निघाली. मग आठवडाभर त्या शेजारच्या बंद दाराकडे न बघता जिना उतरायच्या.

तर अशा बाईच्या हातात ते पुस्तक पडलं आणि त्यांना जणू माणूस मिळालं. कुणाशी तरी बोलावं ना त्याबद्दल! पण बोलणार कुणाशी? शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना त्यांनी दोन-तीनदा विषय काढून पाहिला. "अहो, मूल दहा-बारा मिनिटांच्या वर एका जागी लक्ष देऊच शकत नाही. त्याला हलवावं लागतं, मग पुन्हा लक्ष लागतं." समोरचे गुरुजी म्हणाले, "आमचं हेडसरांच्या मीटिंगमध्ये पाचच मिनिटं लागतं." सगळे हसले. पुढच्या वेळी बाई आल्या की लोक आपापला कप घेऊन खिडकीकडे सरकायला लागले.

मग बाईंनी काय केलं? वर्गाचं दार लावून घेतलं आणि जे करायचं ते आत केलं.

शाळा पेठ रोडवर, नाशिकच्या त्या टोकाला. कॅम्पातून बस, शालिमारला उतरून दुसरी बस, वरून दहा मिनिटं पायी. वर्ग तिसरीचा. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठा मेंदू काढला, अक्रोडासारखा, आणि त्याच्या पोटात एक छोटा बदाम. "हा बदाम घाबरट आहे," म्हणाल्या. "कोणी ओरडलं, कोणी मारलं, की हा जागा होतो आणि पुढच्या भागाचं दार लावून टाकतो. मग पाढे आठवत नाहीत, कविता आठवत नाही. म्हणून आपल्या वर्गात बदामाला झोपवून ठेवायचं." पोरांना हे फार आवडलं. हेडसर व्हरांड्यातून आले की पोरं एकमेकांना कुजबुजून सांगायची, "बदाम, बदाम!" हेडसरांना वाटायचं, पोरांना भूक लागली.

दुसरं त्यांनी केलं ते फार धाडसाचं. मराठी शाळेत जो शिकला त्याला सांगायला नको: हाताची घडी, तोंडावर बोट. बाई वर्गात शिरल्या की उजवा हात डाव्यावर, आणि एक बोट ओठांवर. शाळेला तपासायला साहेब आले की गुरुजींची अर्धी लायकी त्या बोटांवर ठरते. आहेरबाईंनी ते बंद करून टाकलं. साफ बंद! म्हणाल्या, "ज्याला बोलता येत नाही त्याला शिकता येत नाही. मेंदूत घातलेलं टिकत नाही, मेंदूतून बाहेर काढलेलं टिकतं." रोज सकाळी वह्या बंद आणि काल काय शिकलो ते ज्याने त्याने शेजारच्याला सांगायचं. चुकलं तर चुकलं. मग चार दिवसांनी तेच पुन्हा, मग पंधरा दिवसांनी. वर्गात बाजार भरल्यासारखा गलका. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी भिंतीवर डस्टर आपटायचे. पण सहामाहीला तिसरीच्या पोरांचे मार्क असे आले, की हेडसरांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले. कौतुक मात्र केलं नाही. "आवाज कमी करा, आहेरबाई," एवढंच म्हणाले.

त्रेचाळीस पोरं. बेचाळीस बोलायची. एक बोलायची नाही.

रोशनी पुंजा भोये. पेठच्या वरच्या डोंगरातलं कुटुंब. बाप पुंजा आणि आई नवसाबाई इमारतींच्या कामावर. २००० सालच्या जुलैमध्ये, शाळा सुरू होऊन महिना झाल्यावर, नवसाबाईने तिला आणून सोडलं होतं. खिडकीखाली बसायची. अख्ख्या वर्गात तेवढीच एक हाताची घडी घालून, ओठांवर बोट ठेवून बसायची. "रोशनी, काढ गं ते बोट," म्हटलं की काढायची; पाठ वळली की पुन्हा ठेवायची. हजेरीला नाव घेतलं की नुसता हात वर. वाच म्हटलं की पुस्तकाकडे बघत उभी. ऑक्टोबरच्या तोंडी परीक्षेत शून्य.

हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीला एक रकाना लागायचा. "आहेरबाई, ह्या मुलीचं बघा. एप्रिलच्या तोंडीला केंद्रप्रमुख येतील. त्यांच्यासमोर बोलली तर ठीक. नाहीतर दाखल्यावर मतिमंद असा शेरा मारून तिला त्या मुलांच्या शाळेत पाठवावं लागेल. आपल्याकडे तशी सोय नाही."

"सर, ती हुशार आहे."

"कशावरून?"

"चिंचोके मांडून उत्तर देते. सात आठे किती विचारलं की छप्पन्न चिंचोके मांडते, एक इकडचा तिकडे नाही."

"तोंडी परीक्षेत चिंचोके चालत नाहीत, बाई."

आता एक शेरा म्हणजे काय मोठंसं, असं कुणाला वाटेल. पण दाखल्यावरचा शेरा माणसाच्या आधी पुढच्या शाळेत पोचतो. हे बाईंना पंचवीस वर्षांच्या नोकरीत चांगलं माहीत होतं. त्यांनी ठरवलं, एप्रिलपर्यंत ह्या पोरीला बोलतं करायचंच. त्या वर्षी त्यांच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतंच म्हणा. पण असतं, तरी त्यांनी ते बाजूला ठेवलं असतं.

पुस्तक पुन्हा उघडलं. पुस्तक सांगत होतं, ह्या पोरीचा बदाम जागा आहे. तिला कशाची तरी भीती आहे. बाईंनी मनात यादी केली. बाप मारत असेल. दारू असेल. वस्तीत काही झालं असेल. डोंगरातून शहरात आली, गाड्यांना घाबरली असेल. त्यांनी काडेपेट्यांचा फोन केला, दोरा बांधून. रोशनी ऐकायची, पलीकडून आवाज यायचा नाही. मोज्यांची बाहुली केली. "माझ्याशी नको, हिच्याशी बोल." रोशनीने बाहुलीचा मोजा नीट सरळ केला आणि परत दिला. कानात सांग म्हटलं, तर कानाशी तोंड आणून नुसता श्वास. बाई तो श्वास घेऊन घरी जायच्या. बसमध्ये वाटायचं, आज जवळ आलो. कुकर लावताना वाटायचं, कुठचं काय!

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. शेजारच्या सुभेदारांची बदली निघाली. त्यांची बायको रिकामा डबा देऊन गेली. बाईंनी त्या दिवशी रेडिओही लावला नाही. आपण हरतोय, हे त्यांना कळत होतं, आणि हे सांगायला समोर कोणी नव्हतं. माणसानं एकट्यानं हरावं म्हणजे फार लांबत जातं.

मार्चच्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, त्या रोशनीच्या घरी निघाल्या. भागुबाई म्हणाली, "कशाला जाता बाई, बाप पिऊन पडला असंल." बाईंनाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर आत कुठेतरी तसं असावं, असंही वाटत होतं. भीतीचं कारण सापडलं म्हणजे निम्मं काम झालं.

अर्धवट बांधलेल्या एका इमारतीच्या मागे पत्र्याच्या सात-आठ खोल्या होत्या. पुंजा पिऊन पडलेला नव्हता. तो कामावर होता. नवसाबाई दगडावर कपडे घासत बसली होती. बाईंना बघून ती उठणार, एवढ्यात बाईंना पत्र्यापलीकडून स्वतःचाच आवाज ऐकू आला.

हो, स्वतःचाच! "वह्या बंद! काल काय झालं ते शेजारच्याला सांगायचं! चुकलं तर चुकलं!" तोच सूर, 'चुकलं'वर तसाच थोडा झोका. बाईंनी हाताने नवसाबाईला थांबवलं आणि पत्र्याच्या कडेने डोकावून पाहिलं.

पाच-सहा चिल्लीपिल्ली मातीत ओळीनं बसलेली. समोर रोशनी. खांद्यावर आईच्या लुगड्याचा तुकडा पदरासारखा घेतलेला, हातात फुटकी फूटपट्टी. पोरगी बोलत होती. घडाघडा, न थांबता, शुद्ध शहरी मराठीत बोलत होती. तिने विटेच्या तुकड्याने भिंतीवर मेंदू काढला होता आणि बदाम सुद्धा काढला होता. जुलैपासून वर्गात शिकवलेलं सगळं त्या पोरीच्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडत होतं. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. जिंकलो की आपण, असं त्यांना वाटलं.

"आता हजेरी," रोशनी म्हणाली. "दत्तू पुंजा भोये!"

दत्तू म्हणजे तिचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा. तो उठून उभा राहिला आणि मोठ्यांदा म्हणाला, "आहा!"

"आहा नाही. हजर म्हणायचं," रोशनी म्हणाली. "काय रे, शाळा एवढी आवडली? सगळ्यांनी हसा."

आणि सगळी पोरं हसली. नीट, ठरल्याप्रमाणे, खेळातली एक पायरी म्हणून हसली आणि थांबली. दत्तूने ओठांवर बोट ठेवलं आणि खाली बसला. रोशनीने पुढचं नाव घेतलं.

मग तिला पत्र्याच्या कडेला बाई दिसल्या. तिचं वाक्य अर्ध्यात तुटलं. फूटपट्टी खाली गेली आणि हाताची घडी झाली.

"घरी तं तोंड बंद होत नाय हिचं," नवसाबाई मागून म्हणाली. तिला वाटलं, बाई पोरीची तक्रार घेऊन आल्या. "शाळेत नाय बोलत ना? पहिल्या दिवशी बोलली व्हती, बाई. तुमी नाव घेतलं, ही म्हणली आहा. आमच्यात आहेला आहा म्हणतात. पोरान्ला वाटलं, ही आनंदानं आहा आहा करते. पोरं हसली. तुमी पण हसल्या, म्हणल्या, काय गं, शाळा एवढी आवडली? घरी येऊन लय रडली. म्या म्हणलं, बाई चांगली हाय, गंमत केली असंल." नवसाबाईच्या बोलण्यात राग नव्हता. चहा ठेवू का, असंच तिने पुढे विचारलं.

बाईंना आठवेना. जुलै, पाऊस, ओल्या दप्तरांचा वास, त्रेचाळीस नावं, हे आठवत होतं. पण 'आहा' आठवेना. आठवायला त्यात होतंच काय त्यांच्यासाठी? अर्ध्या मिनिटाची गंमत. त्यांच्या मेंदूने ती संध्याकाळपर्यंत झाडून टाकली असेल. पोरीच्या मेंदूने मात्र एक अक्षर सोडलं नव्हतं. भीती कोरलेली राहते, हे त्यांनी पुस्तकात पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. शेजारी 'महत्त्वाचे' असंही लिहिलं होतं. आणि इतके महिने पोरीच्या बापाच्या नावानं खडे फोडत होत्या! लाजेनं त्यांचे कान तापले. चहा न घेताच निघाल्या, म्हणजे नवसाबाईला आणखी वाईट वाटलं असणार, हे त्यांच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

शालिमार ते कॅम्प त्या एकाच गोष्टीचा विचार करत होत्या. त्यांना दुसराच एक दिवस आठवत होता, तो मात्र अगदी लख्ख. १९७४. नाशिकला डी.एड.चं वसतिगृह, पहिला आठवडा. जेवताना कोणी विचारलं, पाणी आहे का, आणि देवळ्याहून आलेली सविता घरच्या बोलीत म्हणाली, "शे ना." अकरा मुली हसल्या होत्या. त्या अकरांची नावं बाई आजही क्रमाने सांगतील, कोणाच्या ताटात काय होतं तेही सांगतील. वर्षभर त्यांना शेशे म्हणत. सहा महिन्यांत सविताने स्वतःची जीभ अशी घासून पुसून काढली, की परीक्षकांनी विचारलं, मूळच्या पुण्याच्या का? तो दिवस त्यांना अभिमानाचा वाटला होता.

कॅम्पात उतरल्यावर त्या घरी न जाता एसटीडी बूथमध्ये शिरल्या आणि देवळ्याला फोन लावला. का लावला, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. भाची निकिताने उचलला. बाईंनी घसा साफ केला. "निकिता, तुना बाप घर शे का?"

पलीकडे निकिता खिदळली. "अहो आत्या, तुम्ही आमची नक्कल करताय का? मम्मी, आत्या बघ कशा बोलतात!"

"हो, सहज गंमत," बाई म्हणाल्या. "पप्पा आले की सांग फोन आला होता." बूथवाल्याला पैसे देऊन बाहेर आल्या. आपल्या घरातही आता आपण पाहुण्यासारखं बोलायचं, हे त्यांना रस्त्यात उभं असताना कळलं, आणि फार एकटं वाटलं. इतकं एकटं त्यांना आईच्या दहाव्यालाही वाटलं नव्हतं.

सोमवारी त्यांनी वर्गाची माफी मागितली. म्हणजे रोशनीची मागितली, पण सगळ्यांसमोर. म्हणाल्या, "आहा म्हणजे आहे. रोशनीच्या घरचा शब्द आहे, चांगला शब्द आहे. मी हसले, माझं चुकलं." पोरं मनानं फार मोठी होती. त्यांनी आपसात काय ठरवलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी हजेरीला पहिलं नाव घेतलं तर तो पोरगा ओरडला, "आहा!" दुसरा, "आहा!" तिसरा, "आहा!" बेचाळीस पोरं, सगळी प्रेमानं, सगळी हसत. बाईंनी हात वर केला, थांबा, थांबा म्हणाल्या, पण गलका थांबेना. वर्गाला बोलायला त्यांनीच तर शिकवलं होतं! खिडकीखाली रोशनीचं डोकं खाली खाली गेलं आणि बोट ओठांवर गेलं. तिच्या कानांना हे प्रेम थोडंच ऐकू येत होतं? तिला तोच जुलैचा दिवस ऐकू येत होता, आता बेचाळीस पट.

एवढं झाल्यावर बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं. पुस्तकात पुढे काही नव्हतंच.

एप्रिलमध्ये केंद्रप्रमुख आले. तोंडी परीक्षा. हेडसर शेजारी खुर्ची घेऊन बसले. पुढ्यात गुणांचा तक्ता, आणि घडी घातलेला एक कोरा कागद. तो कागद कशासाठी, हे बाईंना माहीत होतं. एकेक पोर उठलं, बोललं, बसलं. शेवटी राहिली रोशनी. ती उभी राहिली.

"हं, बाळ, वाच," केंद्रप्रमुख म्हणाले. रोशनी पुस्तकाकडे बघत उभी. एक मिनिट गेलं. हेडसरांनी कागदाची घडी उलगडली.

"सर," बाई एकदम म्हणाल्या, "आज हजेरी घ्यायची राहिली आहे. ती घेऊ द्या, मग काय लिहायचं ते लिहा." हेडसर काही म्हणायच्या आत त्यांनी हजेरीपुस्तक उचललं, रोशनीच्या हातात दिलं आणि पेनही दिलं. "रोशनी, आज बाई तू. मी पोरांत बसते." पंचेचाळिशीच्या, गुडघे दुखणाऱ्या बाई खिडकीखालच्या बसकरपट्टीवर, रोशनीच्या जागेवर मांडी घालून बसल्या. हेडसरांच्या कपाळावर आठ्या आल्या. भागुबाई दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला.

रोशनी टेबलामागे गेली. पुस्तक तिच्या छातीएवढ्या उंचीवर. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. बोल गं बाई, बोल. माझ्यासारखी बोल, वाटेल तशी बोल, पण बोल.

मग तिने खांद्यावरून नसलेला पदर पुढे घेतला.

"बोलायचं नाही हं मधे. हर्षल देवराम महाले!"

"हजर!" हर्षल दचकून म्हणाला.

रोशनीने दुसरं नाव वाचलं, तिसरं वाचलं. बाईंच्या घाईच्या अक्षरातली ती नावं शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींनाही लागायची नाहीत. पोरगी न अडखळता वाचत गेली. जोडाक्षरं, आडनावं, सगळी. आवाज खणखणीत, आहेरबाईंचा. प्रत्येक नावापुढे खूण. केंद्रप्रमुखांनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी कोरा कागद तक्त्याखाली सरकवला. बाईंनी ते पाहिलं, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. वाचली पोरगी. वाचली!

त्रेचाळीस नावं संपली. रोशनीने पुस्तक मिटलं, आणि तिची नजर पुठ्ठ्यावर गेली. तिथं लिहिलेलंही तिने वाचलं.

"वर्गशिक्षिका, सविता आहेर!"

बाईंनी वर पाहिलं. आता काय म्हणावं, ह्याचा त्यांनी विचार केला नव्हता. तोंडातून आपसूक गेलं, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच ह्या शहरात ते कुणासमोर गेलं.

"शे."

कोणीतरी फिसकन हसलं. रोशनी हसली नाही. तिने कपाळाला छोटीशी आठी घातली, बाई घालतात तशी, आणि समजुतीच्या, प्रेमळ स्वरात म्हणाली, "शे नाही. हजर म्हणायचं. सगळ्यांनी हसा."

सगळे हसले. पोरं हसली, भागुबाई हसली, केंद्रप्रमुख तर पोट धरून हसले. "अहो, बोलते की पोरगी!" हेडसर म्हणाले. "हुबेहूब तुमच्यासारखी बोलते, आहेरबाई!" त्यांनी तक्त्यात तीसपैकी सत्तावीस गुण लिहिले.

रोशनी मात्र पेन धरून थांबली होती. उत्तर आल्याशिवाय ती पुढे जाणार नव्हती.

"हजर," सविताबाई म्हणाल्या.